कोरडी गळती

हर्णैच्या बंदरात इंजिनाचा दाब कमी झाला असं कुणी म्हणत नाही. इंजिनाला दम नाही, असं म्हणतात. माणूस दमतो, उतारवयात त्याला दमा जडतो, उतावळ्याला दम धर म्हणून सांगतात आणि तरी ऐकलं नाही तर दम देतात. श्वास, ताकद आणि धीर या तीन गोष्टींना आमच्या भाषेनं एकच शब्द ठेवला आहे. लहानपणी मला वाटायचं, आमची माणसं शिकलेली नाहीत म्हणून यंत्राला माणसाचे शब्द लावतात. पुढे तंत्रनिकेतनात डिझेल इंजिन शिकले, डिझेलचा टाकीपासून नोझलपर्यंतचा रस्ता वहीत काढला, आणि लक्षात आलं की शब्द अगदी नेमका होता. इंजिनाला डिझेल कमी पडतं तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या श्वासातच काहीतरी बिघडलेलं असतं.

तो रस्ता सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. बाबांच्या लाकडी बोटीत टाकी खाली होती, फळ्यांच्या आड. टाकीच्या वरच्या अंगातून एक तांब्याचा पाइप निघायचा आणि पहिल्या फिल्टरला यायचा. या फिल्टरखाली काचेची वाटी होती. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते या वाटीत तळाला बसतं. तिथून पाइप फीड पंपाला, पंपातून कागदी फिल्टरला आणि मग मोठ्या डिझेल पंपाला. इथवर सगळा मामला हलका. फीड पंप डिझेल पुढे ढकलतो ते एक-दीड बारच्या दाबानं, मोटारगाडीच्या चाकातली हवासुद्धा याहून जास्त दाबाखाली असते. पण मोठ्या पंपातले दट्टे तेच डिझेल घेऊन असे दाबतात की नोझल उघडते तेव्हा दाब दोनशे बारच्या घरात गेलेला असतो. सहा सिलिंडरचं इंजिन मिनिटाला अठराशे फेरे मारत असेल तर एकेका नोझलनं सेकंदाला पंधरा वेळा उघडायचं आणि दर वेळी थेंब-दीड थेंब डिझेल धुक्यासारखं आत उडवायचं. असे थेंब करत ताशी वीस-बावीस लिटर डिझेल जातं. त्या दोनशे बारचा सगळा डौल मागच्या एक बारावर उभा आहे. दट्ट्यापुढची जागा डिझेलनं पुरती भरली नाही, तर दट्टा कितीही इमानी असला तरी तो दाबणार काय?

त्यातून तिथं हवेचा बुडबुडा आला तर संपलंच. डिझेल दबत नाही, हवा दबते. दट्टा पुढे येतो, बुडबुडा अंग चोरून लहान होतो, दट्टा मागे जातो, बुडबुडा पुन्हा पसरतो. नोझलला पत्ताच लागत नाही. इंजिन एक ठोका चुकतं.

मी नववीत होते त्या वर्षी बाबांची बोट नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या खेपेलाच अर्ध्या वाटेवरून परतली. आई आणि मी टोपल्या घेऊन पुळणीवर उभ्या होतो. हर्णैला लिलाव वाळूतच चालायचा. मोठ्या बोटी पाण्यात उभ्या, छोट्या होड्या त्यांच्यातली मासळी उतरवून आणणार, बैलगाड्या चाकं बुडेपर्यंत पाण्यात शिरणार. त्या गलबल्यात आईनं एकदम मान वर केली. सुवर्णदुर्गाच्या पलीकडून बोट येत होती, अजून दिसतही नव्हती. "आपलीच आहे," आई म्हणाली, "पण दम टाकतेय." मग मलाही ऐकू आलं. आवाज चढायचा, दोन-चार क्षण टिकायचा आणि खाली बसायचा, पुन्हा चढायचा. जिना चढणारं म्हातारं माणूस दर चार पायऱ्यांनी कठड्याला धरून थांबतं, तसा.

त्या आवाजाला बंदरातली माणसं भितात, आणि त्यांनी भ्यायलाच हवं. श्रावणातला समुद्र निवलेला नसतो. वारा नैऋत्येकडून, म्हणजे बोटीला किनाऱ्याकडेच लोटणारा. किल्ला आणि किनारा यांच्यामधे खडक. अशा जागी इंजिन बंद पडलं की बोट नाळ लाटेवर धरू शकत नाही, आडवी होते. आडव्या झालेल्या बोटीला पुढची लाट माफ करत नाही. याच किल्ल्याच्या आसऱ्यानं आंग्र्यांची गुराबं आणि गलबतं वाऱ्याच्या जोरावर फिरली, त्यांना शीड होतं, वल्हं होतं. आमच्या बोटीच्या डोलकाठीला आता फक्त दिवा आणि झेंडा. सगळा भरवसा त्या खालच्या लोखंडावर.

बाबांनी बोट कशीबशी आंजर्ल्याच्या खाडीत आणून बांधली. मुलीला समुद्रात नेत नसत, पण खाडीत नांगरलेल्या बोटीवर बॅटरी धरायला मी लागायचेच. भाऊ अजून फार लहान होता. इंजिनाच्या खणात एकच माणूस नीट बसायचा. मी खणाच्या कडेला फळीवर पोटावर पडून हात खाली सोडायचे. डिझेलचा, जुन्या ग्रीसचा आणि तळाच्या कुबट पाण्याचा मिळून एक वास असतो, तो मला आजही कुठेही आला तरी आधी कोपरं दुखतात.

बाबांनी पाना हातात घेतला नाही. आधी सुकाणूवरच्या तांडेलाला विचारलं, "धूर कसा होता?" तांडेल म्हणाला, धूर नव्हताच, होता तो पांढुरका. बाबांच्या लेखी निम्मं काम तिथेच झालं. पंख्यात जाळं अडकलं, नाहीतर बोटीच्या तळाला शिंपल्यांचा थर धरला, तर इंजिनावर ओझं पडतं. ते भरपूर डिझेल खातं, पण जाळायला हवा पुरत नाही, म्हणून काळा धूर ओकतं. जोर कमी झाला आणि धूर काळा नाही, याचा अर्थ त्याला ओझं झालेलं नाही, ते उपाशी आहे. दुसरा प्रश्न होता, मंद चालताना कसं होतं. मंद चालताना काही तक्रार नव्हती. तेही बरोबरच होतं. रिकामं फिरताना इंजिनाला घोटभर पुरतं. ओझं ओढायला लागलं की त्याची भूक कितीतरी पटींनी वाढते आणि मग रस्त्यातली अडचण उघडी पडते. ही गोष्ट मी नंतर माणसांतही पाहिली आहे, पण तिथे धूर बघून सांगणारं कुणी नसतं.

फीड पंपाच्या डोक्यावर हातानं दाबायची एक गुंडी असते. इंजिन बंद ठेवून ती वरखाली केली की डिझेल पुढे सरकतं. बाबांनी गुंडी दाबली, सोडली, पुन्हा दाबली, डोळे मिटले. मग माझा हात घेतला आणि माझी बोटं तिच्यावर ठेवली. "मागे ओढतेय का तुला?" नाही, ओढत नव्हती. पुढे कुठे रस्ता तुंबला असेल तर गुंडी खाली जायला हट्ट करते, मागे तुंबला असेल तर वर यायला, आतून कुणी धरून ठेवल्यासारखी. ही तर मऊ होती, शिळ्या पावासारखी. तिच्यात जीवच नव्हता. बाबा म्हणाले, "तुंबलेलं नाही, बाय. हवा घेतंय."

तरी त्यांनी फिल्टर उघडून बघितलेच. अंदाज बरोबर असला तरी पुरावा बघायचा, ही त्यांची रीत. पावसाळाभर बोट उभी असली की टाकीतल्या रिकाम्या जागेत दमट हवा राहते, रात्री तिचं पाणी होऊन ते तळाला जमतं. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात तिथे एक बुरशी वाढते. हॉर्मोकोनिस रेझिनी हे तिचं नाव मला पुस्तकात भेटलं, बाबा तिला काळं शेवाळ म्हणायचे. ती डिझेलावर जगते आणि तिचा बुळबुळीत गाळ फिल्टरात जाऊन बसतो. हे टाळायचं तर मे अखेरीस टाकी काठोकाठ भरून ठेवायची, म्हणजे हवेला जागाच उरत नाही. उपाय सगळ्यांना ठाऊक आहे. पण हंगामाच्या शेवटी हातात पैसा नसतो. सोसायटीची उधारी, बर्फाचे पैसे, खलाशांचा हिशेब. टाकी काठोकाठ भरून दोन महिने नुसती ठेवायची, ही ज्याच्या गाठीला पैसा आहे त्याची चैन. कोकणातल्या कितीतरी इंजिनांचा दम असा मेच्या अखेरीस कर्जाच्या वहीत अडकलेला असतो. त्या वर्षी मात्र वाटीत पाणी चमचाभरच निघालं, कागद पिवळसर असला तरी स्वच्छ होता.

मग डबा आला. वीस लिटरचा डबा डिझेलनं भरून इंजिनाच्या वर दोरीनं टांगला, त्याचा रबरी पाइप थेट फीड पंपाला जोडला, टाकीकडचा सगळा रस्ता तोडून टाकला. बोट दोन जाड दोरांनी बांधलेली होती. इंजिन चालू केलं, गिअर टाकला, वेग वाढवला. दोर ताणले, खाडीचं पाणी मागे फेसाळून उठलं आणि इंजिन गरजलं, एक ठोका न चुकता. पाच मिनिटं, दहा मिनिटं. तांडेल हसला. बाबा हसले नाहीत, त्यांनी फक्त डब्याकडे आणि मग खाली फळ्यांकडे बघितलं. या एका डब्यानं बोटीचे दोन भाग केले होते. मोठा पंप, नोझला, ज्यांच्या दुरुस्तीला रत्नागिरीपर्यंत जावं लागलं असतं आणि हंगाम बुडाला असता, ते सगळे निर्दोष सुटले. दोष मागे होता, त्या साध्या पाइपात.

इथे एक गोष्ट मला तेव्हा कळत नव्हती. मी बॅटरी घेऊन टाकीपासून पंपापर्यंत सगळा पाइप बघितला, कुठेही ओल नव्हती. गळत असेल तर थेंब दिसायला हवा ना? बाबांनी जे सांगितलं ते मी पुढे प्रत्येक ठिकाणी तपासून पाहिलं आणि खरं ठरलं. पंपाच्या पुढच्या बाजूला भोक पडलं तर डिझेल बाहेर येतं. पंपाच्या मागच्या बाजूला भोक पडलं तर हवा आत जाते. पुढची गळती ओली असते, मागची कोरडी. मागे रस्त्यात ओढ असते, तिथला जोड बाहेर काही टाकत नाही, उलट बाहेरचं गपचूप आत घेत राहतो. वरून बघावं तर तोच सगळ्यांत स्वच्छ. पंपापुढच्या ज्या जोडांवर चिकट धूळ बसली होती ते बिचारे जराजरा पाझरून ठीक काम करत होते.

आणि मुळात पंप ओढतो हेही आपलं म्हणणं. पंप फक्त पुढे जागा रिकामी करतो, डिझेलला ढकलतं ते टाकीवर बसलेलं आभाळ. सगळ्या वातावरणाचा दाब टाकीच्या हवानळीतून आत येऊन डिझेलवर बसतो आणि ते पाइपात चढतं. म्हणून हवानळी मोकळी असावी लागते. आदल्याच वर्षी कुंभारीण माशीनं पावसाळ्यात त्या नळीच्या तोंडात मातीचं घर बांधलं होतं. बोट तासभर झकास चालायची, मग हळूहळू मरायची. टाकीचं झाकण सैल केलं की सुस्स आवाज यायचा आणि इंजिन पुन्हा ताजंतवानं. तीन खेपा वाया गेल्यावर ते एवढंसं मातीचं घर सापडलं. बाबांनी ते काडीनं फोडलं नाही, अख्खं सोडवून फळीवर ठेवलं. त्यात अळी असते म्हणाले.

कोरडी गळती शोधायची तर ती ओली करावी लागते. बाबांनी पाइप दोन्ही टोकांना सोडवला, पंपाकडचं तोंड बोल्टानं बंद केलं, आतून डिझेल भरलं, आणि टाकीकडच्या तोंडाला रबरी नळीचा स्वच्छ तुकडा खोचला. आता त्यातून फुंकायचं होतं. म्हणजे ओढीच्या जागी उलटा दाब द्यायचा, मग जो जोड हवा आत घेत होता तो डिझेल बाहेर टाकेल. त्यांनी नळी तोंडाला लावली. दोनदा फुंकलं आणि तिसऱ्यांदा खोकल्याची अशी उबळ आली की ते फळीला धरून वाकले. तीस वर्षं त्या खणातला धूर, भट्टीसारखी उष्णता, ओले कपडे. त्यांना दमा आहे हे घरात अजून कुणी म्हणत नव्हतं. पडसं उतरत नाही, एवढंच म्हणत होते.

त्यांनी नळीचं टोक पुसलं आणि माझ्याकडे केलं. "ओढायचं नाही हां. चुकूनसुद्धा नाही. नुसतं फुंकायचं, आणि दम धरायचा."

मी बॅटरी त्यांच्या हातात दिली. आमची कामं पहिल्यांदाच बदलली होती. माणसाच्या फुंकरीत फार तर बारच्या दहाव्या हिश्शाएवढा दाब असतो, हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त गाल दुखत होते, कानांत धडधडत होतं, आणि ओठांना रबराची खारट चव लागत होती. बाबा उजेड एकेका जोडावर नेत होते, थांबत होते, पुढे जात होते. पहिल्या फिल्टरच्या तोंडाशी, जिथे पाइप पोकळ बोल्टानं आवळलेला असतो, तिथे उजेड थांबला आणि हलेचना. तांब्याच्या वॉशरखालून टाचणीच्या डोक्याएवढा थेंब फुगत होता. बॅटरीच्या उजेडात तो मधासारखा दिसला. माझा दम संपला तेव्हा तो परत आत गेला.

"पुन्हा," बाबा म्हणाले. मी पुन्हा फुंकलं. तो पुन्हा आला.

पुष्कळ वर्षांनी रुडॉल्फ डिझेलबद्दल वाचताना ती फुंकर मला आठवली. 1897मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला त्याचं पहिलं यशस्वी इंजिन चाललं, तेव्हा आजच्यासारखा दट्ट्यांचा पंप त्याच्याकडे नव्हता. दाबलेल्या हवेच्या झोतानं इंधन सिलिंडरमध्ये फुंकावं लागे, त्यासाठी वेगळा हवेचा पंप ठेवावा लागे. मोठाल्या इंजिनांवर हीच रीत बराच काळ राहिली. पुढे निव्वळ डिझेल दाबून उडवणारे पंप आले, 1927मध्ये बॉशच्या कारखान्यात ते मोठ्या संख्येनं निघू लागले आणि इंजिन लहान झालं, ट्रकमध्ये मावलं, आमच्या होड्यांत मावलं. जी हवा पहिल्या इंजिनात इंधनाला वाट दाखवत होती, तीच आता एका बुडबुड्यापुरती आत आली तर बोट खडकावर जाते. डिझेल स्वतः 29 सप्टेंबर 1913च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून नाहीसा झाला. समुद्रानं त्याला घेतलं. काही दिवसांनी त्याच्या खिशातल्या वस्तूंवरून मुलानं ओळख पटवली, एवढंच हाती आलं. आमच्या बंदरातल्या प्रत्येक घरात ज्याचं नाव रोज घेतलं जातं, तो माणूस असा पाण्यात गेला, हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याच्या घरच्यांना दिवस मोजावे लागले असतील." बंदरातलं माणूसच हे म्हणू शकतं.

त्या वॉशरची कथा लहान आहे. तांबं दाबून दाबून कठीण होतं. प्रत्येक वेळी जोड उघडून परत आवळला की ते थोडं अधिक ताठर होतं आणि एक दिवस समोरच्या लोखंडाच्या खाचाखोचांत बसायला नकार देतं. बाबा दर पावसाळ्यात वॉशर लालभडक तापवून पाण्यात टाकायचे, त्यानं ते पुन्हा मऊ व्हायचे. त्या वर्षी हंगामाची घाई झाली होती आणि तेवढं राहून गेलं होतं. त्या रात्री घरी चुलीच्या निखाऱ्यात चिमट्यानं वॉशर धरला. आईची भाकरी थांबली होती, पण ती काही बोलली नाही, परात बाजूला घेऊन बघत बसली. लाल वर्तुळ पाण्यात पडताना चुर्र झालं. बाबांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. तो पुन्हा मऊ झाला होता.

आता बोट भावाची आहे, नवी, फायबरची. तिच्या इंजिनात डिझेल एका जाड नळीत दीड हजार बारच्याही वर दाबून ठेवलेलं असतं आणि नोझला विजेच्या इशाऱ्यावर उघडतात. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी समुद्रात असताना तिच्या पडद्यावर पिवळा दिवा लागला, इंधनाचा दाब कमी. इंजिनानं आपण होऊन वेग उतरवला आणि बोट सावकाश घरी आली. मी सुट्टीला हर्णैतच होते. दुरुस्तीला आलेला मुलगा पंचविशीचा असेल. त्यानं संगणक जोडला, आकडे बघितले, किती कमी आहे ते अगदी दशांशात सांगितलं. कुठे कमी आहे हे पडदा सांगत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून मला तो मुलगा आवडला. महागडा पंप बदलायची भाषा त्यानं केली नाही. पिशवीतून हातभर पारदर्शक नळी काढली, फीड पंपाच्या मागे जोडली, इंजिन चालू करून उकिडवा बसला आणि वाट बघू लागला. मी नकळत फळीवर पालथी पडून बॅटरी धरली. मिनिटभर नळीत सगळं स्वच्छ होतं. मग वेग वाढवल्यावर तांदळाच्या दाण्याएवढा बुडबुडा आला, त्यामागे दुसरा, आणि मग एकामागून एक येतच राहिले.

संध्याकाळी घरी आले तेव्हा बाबा पडवीत आरामखुर्चीत होते. हातात पंप होता. दम्याच्या औषधाच्या त्या निळ्या डबीला आमच्याकडे पंपच म्हणतात. दोनदा तोंडात मारून, श्वास आत धरून, त्यांनी बोटानं मला थांबायला सांगितलं. कनकदुर्गावरचं दीपगृह नुकतंच लागलं होतं. सावकाश श्वास सोडून झाल्यावर त्यांनी विचारलं,

"जोड ओला होता की कोरडा?"

"कोरडा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि पंपाचं झाकण लावलं.